दुसरी मूठ

उदगीर, १२ नोव्हेंबर २०१८

अण्णा,

शरणार्थ. नमस्कार झाला, आता भांडण.

अडीच वर्षांत तुझा पहिला निरोप आला तो एवढाच: 'फिल्म बघितली. शेवटचा शॉट दोनदा आलाय. एक काढ, मग आमच्या फिल्मबरोबर बाहेरच्या महोत्सवांना पाठवता येईल.' अव्वा कशी आहे, दुकान कसं चाललंय, याबद्दल एक अक्षर नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवरचं लांबलचक उत्तर तू वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतो.

आधी अभिनंदन. तुमच्या पुण्याच्या स्टुडिओच्या 'शेवटचं वळण'ला दिल्लीच्या महोत्सवात अॅनिमेशनचं पहिलं बक्षीस मिळालं, ते मी पेपरात वाचलं. फोटोत तू मागच्या रांगेत उभा आहेस, अंगावर कोट आहे. अव्वानं तो फोटो कापून देवघरात ठेवलाय, आई आहे ना ती. माझ्या 'बसलेला माणूस'ला काही मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा मात्र आला: 'दुष्काळाची दाहकता जाणवत नाही. अखेरीस एकच दृश्य दोनदा येते, संकलन सैल.' म्हणजे तुझं आणि त्यांचं मत एकच आहे. तुमची शाळाच एक असावी.

तर माझं मत ऐक. बक्षीस चुकीच्या फिल्मला मिळालं.

मी हरले म्हणून चिडून राहिले, असं तू म्हणशील. चिडलेच आहे. पण तुझी फिल्म मी नीट बघितली आहे. चित्रं देखणी आहेत, ते आभाळ तर मला जन्मात जमणार नाही. मी दुकानातल्या मोठ्या परातीला पाठीमागून काळा रंग दिला, तिच्यावर चाळलेली राख पसरली आणि बोटानं चित्र काढत, पुसत, फोटो घेत फिल्म केली. विभूतीशी खेळायचं नाही असं अव्वानं बजावलं होतं, म्हणून चुलीचीच राख. राख उडते म्हणून मे महिन्यात पंखा बंद. घामाचे थेंब परातीवर पडले त्यांचे डाग फिल्ममध्ये तसेच आहेत. तुमच्याकडे वीस माणसं आणि थंड खोली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार ही, की फिल्ममध्ये तू आपल्या बापाला शेतकरी केलंस. अप्पांनी जन्मात नांगराला हात लावला नाही, अण्णा. ते भांडी विकत होते. आणि दुष्काळात आपलं दुकान कधी नव्हे इतकं चाललं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि इकडे आपले ड्रम, टाक्या, कळश्या दुकानात उतरायच्या आतच विकल्या जात होत्या. रात्री शटर ओढताना अप्पा म्हणायचे, "दानू, लोकं तहानलीत म्हणून आपण पोटभर जेवून राहिलो. घास उतरत न्हाई बग." मला तो माणूस दाखवायचा होता. तो दाखवला तर परीक्षक म्हणतात दाहकता नाही. तू भेगाळलेली जमीन दाखवलीस. मिळालं बक्षीस.

आणि शेवट. तुझ्या फिल्ममध्ये मुलगा धावत घरी पोहोचतो, बापाच्या तोंडात पाणी घालतो, बाप डोळे मिटतो आणि मग त्याला तिरडीवर आडवं करून नेतात. आपल्यात कधी कुणाला आडवं करून नेलंय? मेलेल्या माणसाला आपण मांडी घालून बसवतो, बसल्याबसल्या नेतो आणि बसवूनच मातीत ठेवतो. हे तू लहानपणापासून बघितलंयस. पुण्याच्या लोकांना समजणार नाही म्हणून अप्पांना झोपवलंस का?

शॉट मी काढणार नाही.

दानम्मा


उदगीर, ३ डिसेंबर २०१८

अण्णा,

'का नाही?' एवढे दोन शब्द पाठवलेस. दोन तर दोन. मी सगळं सांगते.

त्या दिवशी सकाळी अप्पांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच खाली बसले. मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अप्पांची सगळी जिल्हा कृती समिती पहाटेच नळेगावला गेली होती, लातूर रस्त्यावर रास्ता रोको होता. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. अप्पांना ताप होता म्हणून ते घरी राहिले होते, नाहीतर रस्त्याच्या मधोमध तेच बसले असते. दुकानाच्या पाटीवर 'जि. उदगीर' लिहून घेतलेला हा माणूस. जिल्हा झाल्यावर पाटी बदलायचा खर्च नको म्हणायचे. तू त्या पाटीवरून त्यांना किती हसायचास. पाटी अजून तशीच आहे, जिल्हा अजून झालेला नाही.

तुला फोन केला. तू निघालास. इकडे अप्पांना आंघोळ घातली. त्या महिन्यात अख्ख्या गल्लीत पाण्याची मारामार होती, पण अप्पांच्या आंघोळीला लोकांनी आपल्याकडून घेतलेल्या ड्रममधलं पाणी आणून दिलं. भिंतीला टेकवून बसवलं, विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं. भजन सुरू झालं. दुपार झाली. तू लातूर सोडल्याचं कळवलंस आणि त्यानंतर तुझा फोन लागेना.

अव्वा म्हणत होती, "वीरू येऊ दे, मग उठवा." विधी सांगणाऱ्या अय्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत बसलेले अप्पा एका अंगावर कलायला लागले होते. मी दोनदा त्यांना सरळ केलं. तिसऱ्यांदा सरळ करायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, उचला.

हा निर्णय माझा. अव्वाचा नाही, अय्यांचा नाही. तू तेव्हापासून बोलत नाहीस ते याच्यासाठीच. ठीक आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. अप्पा वाकलेले मला बघवत नव्हते आणि तुझी वाट बघण्यासाठी त्यांना मी दोरीनं भिंतीला बांधणार नव्हते.

खड्ड्यात बसवल्यावर एकेकानं विभूती, बेल आणि माती टाकली. अय्यांनी विचारलं, "मुलाची मूठ?" चुलतभाऊ पुढे यायला लागले तेव्हा मी हातानं थांबवलं. माझी एक मूठ टाकून झाली होती. मी परत वाकले, परत मूठ भरली आणि टाकली. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीला भान न्हाई राहिलं. मला चांगलं भान होतं. दुसरी मूठ तुझी होती.

फिल्ममध्ये तोच हात दोनदा येतो तो म्हणून. दिल्लीच्या लोकांना ते संकलन सैल वाटलं, त्यांना मी माफ केलं. तुला कसं कळलं नाही?

दानम्मा


नांदेड, २१ डिसेंबर २०१८

अण्णा,

या वेळी तुझं पत्र आलं, तेही पाठपोट. अव्वाला मी फक्त वरचा 'प्रिय दानू' दाखवला. खालचं दाखवण्यासारखं नव्हतं.

'माझ्या नावानं मूठ टाकायचा अधिकार तुला कुणी दिला?' कुणी नाही. मी घेतला. जागा रिकामी होती आणि लोक बघत होते. 'सगळ्या देशापुढे तू मला गैरहजर दाखवलंस.' तुझं नाव फिल्ममध्ये कुठेच नाही, अण्णा. तू गैरहजर होतास हे त्या फिल्ममधून फक्त तुला आणि मला कळतं. 'शॉट राहिला तर आपला संबंध संपला समज.' मग इतके दिवस काय चालू होतं?

इथे विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी मला बोलावलं होतं. त्यांनी दोन्ही फिल्म लागोपाठ लावल्या आणि वाद ठेवला: बक्षीस योग्य फिल्मला मिळालं का? मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. मागच्या बाकावर जाऊन बसले.

तुला बरं वाटावं म्हणून आधी तुझ्या बाजूचं सांगते. बरीच पोरं तुझ्याकडून बोलली. एकजण म्हणाला, "शेवटच्या सीनला माझ्या डोळ्यात पाणी आलं, आता आणखी काय पाहिजे?" दुसरा म्हणाला, राखेची फिल्म म्हणजे शाळेतल्या फळ्यावर कुणी काढल्यासारखी. मी ऐकून घेतलं.

मग बिलोलीची एक मुलगी उठली, पंचशीला नावाची. आवाज असा की माईकची गरज नव्हती. म्हणाली, "पहिल्या फिल्ममधली भेगाळलेली जमीन तळ्याच्या तळाची हाय. शेताला तशा भेगा पडत न्हाईत. लोकं काय तळ्यात राहून राहिले का?" सगळी पोरं हसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी पुढे सरकून बसले. तशी ती म्हणाली, "आणि दुसरी फिल्म करणाऱ्या बाईनंबी लई शहाणपण करू नये. घागरी कशा एका रांगेत लावल्यात. टँकर आल्यावर रांग कुठं राहते? माझ्या मावशीचा दात पडला टँकरच्या गर्दीत." आता हसायची पाळी तुझी.

पण पुढे ती जे म्हणाली त्यासाठी हे पत्र लिहितेय. म्हणाली, "पहिल्या फिल्मनं मला रडवलं, पण घरी जाईपर्यंत मी ती विसरून जाईन. दुसरीतली ती बाई दोनदा का वाकली, हे मात्र मला कळलं न्हाई, आणि ते कळल्याबिगर मला झोप येणार न्हाई."

शेवटी हात वर करायला सांगितले, तर कुणी मोजायच्या आतच गोंधळ झाला आणि चहा आला. निकाल लागला नाही. मी त्या मुलीला बाहेर गाठलं आणि दुसरी मूठ कुणाची ते सांगितलं. ती मग म्हणाली, "भाऊ कुठं अडकला होता?"

रस्ता बंद होता एवढंच मला माहीत आहे. तू कुठे होतास, अण्णा?

दानम्मा


उदगीर, ६ जानेवारी २०१९

अण्णा,

तू सांगितलं नाहीस. गुरुपादप्पा काकांनी सांगितलं.

समितीचं पत्रक छापायचं म्हणून काका दुकानात वर्गणी मागायला आले होते. मी सहज त्या दिवसाचा विषय काढला. ते खुर्चीवर बसलेच. म्हणाले, "मलप्पा गेल्याचं आमाला रस्त्यावरच कळालं. वीरू येणार हे ठाऊक होतं. मी मोटारसायकल चालू करून ठेवली होती, पोरगं दिसलं की मागं बसवून थेट उदगीर. पुण्याकडून आलेली एकेक बस आन् ट्रॅव्हल्स चढून बघितली आमी. न्हाईच दिसला."

तू ट्रॅव्हल्सनं येतोस हे सगळ्या गावाला माहीत. त्या दिवशी मात्र तू मित्राची कार घेऊन आलास, माती झाल्यावर पोचलास. बसमधून बसमध्ये चढून ही म्हातारी माणसं 'मलप्पाचा वीरू हाय का' म्हणून हाका मारत होती आणि तू शेजारी काळ्या काचेच्या कारमध्ये बसला होतास. नळेगावच्या रांगेत पुण्याची एक कार शेवटपर्यंत उभी होती, काचा वर करून, एसी चालू ठेवून, हे काकांना आजही आठवतं. "असेल कुणी सायब," असं म्हणून त्यांनी ती सोडली. ती तुझी होती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना तो धक्का सोसला नसता.

आता मला सांग. दार उघडून खाली उतरायचं आणि 'मी मलप्पांचा मुलगा' म्हणायचं. त्यांनी तुला खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं असतं. तू का उतरला नाहीस?

अडीच वर्षं तू माझ्यावर रागावून बसलास, मी थांबले नाही म्हणून. मी भिंतीशी अप्पांना सावरत होते, अण्णा. तू काचेआड काय करत होतास?

या पत्राला उत्तर पाहिजे. नाही दिलंस तर अव्वाच्या हातून लिहून घेईन. तिला लिहिता येत नाही हे खरं, पण ती सांगेल आणि मी लिहीन, आणि मग त्यात एकही शब्द गाळणार नाही.

दानम्मा


उदगीर, १० फेब्रुवारी २०१९

अण्णा,

तुझं उत्तर पोचलं. मी ते दुकानात उभ्यानंच वाचलं, एक गिऱ्हाईक परत गेलं.

तू लिहितोस: 'काच खाली केली असती तर कुणीतरी ओळखलंच असतं. त्याच लोकांना मी अप्पांच्या देखत हसलो होतो. जिल्हा होऊन तुमच्या ड्रमात पाणी येणार आहे का, असं विचारलं होतं. आता त्यांच्याच पुढे जाऊन माझ्यासाठी रस्ता सोडा म्हणू? आणि अप्पांचा नियम मला पाठ होता, अँब्युलन्स सोडून कुणालाच सोडायचं नाही. मला वाटलं, तास-अर्ध्या तासात सुटेल. मग वाटलं, आता उतरलो तर आधी का नाही उतरलो ते विचारतील. असं करत बसून राहिलो.'

मला तुझा राग आला. आणि रडूही आलं, तेही लिहून टाकते, कारण तू खरं लिहिलंस.

पण अण्णा, अरे, हीच फिल्म होती की. बाप तिकडे भिंतीला टेकून बसलेला आणि मुलगा इकडे काचा वर करून बसलेला. ती तू केली असतीस तर परीक्षकांनी बक्षीस दिलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र दिल्लीपर्यंत येऊन टाळ्या वाजवल्या असत्या. ती सोडून तू धावत सुटणारा मुलगा काढलास. म्हणून माझं मत अजून तेच आहे आणि मरेपर्यंत तेच राहील. बक्षीस चुकीच्या फिल्मला मिळालं.

आता अव्वाचं मत सांगते. ते तुझ्या बाजूचं आहे, पण लपवणार नाही.

गेल्या रविवारी दुकानासमोरच्या भिंतीवर पांढरी चादर लावून मी दोन्ही फिल्म दाखवल्या. गल्ली सगळी लोटली. यंदा परत पाणी नाही, टँकर सुरू झालेत, तरी लोक आले. काका आले, अय्या आले. अव्वाला मी खुर्ची दिली. आधी तुझी लावली, मग माझी. तुझ्या फिल्ममध्ये मुलगा दारात आला तेव्हा बायका पदराला डोळे पुसत होत्या. माझ्या फिल्मला लोक हसले, अप्पा ड्रम वाजवून दाखवतात तिथे फार हसले. मी विचारलं, कोणती चांगली? जवळजवळ सगळ्यांनी तुझीच सांगितली. आपलीच माणसं. मी भर गल्लीत म्हणाले, तुमचं चुकतंय, अप्पांनी नांगर धरलेला कुणी बघितलाय? काका म्हणाले, "पोरी, नांगराचं सोड. पोरगं घरी आलं की त्याच्यात."

अव्वा घरात आल्यावर म्हणाली, "वीरूचंच चांगलं हाय. त्यात तो येतो."

मी म्हणाले, अव्वा, तो आला नव्हता. ती म्हणाली, "मला ठाऊक न्हाई का? मी तिथंच बसले होते. पण त्यात येतो की." आता शेजारपाजारच्या बायकांना ती सांगत असते, आमच्या वीरूनं कार्टून काढलं, त्यात तो येळेवर पोचतो. रोज संध्याकाळी मला ते लावायला लावते. मुलगा दारात आला की बंद कर म्हणते. पुढचं तिरडीचं तिला चालत नाही. हे एक बरं झालं.

काल मात्र म्हणाली, "आज तुझं लाव." मी लावलं. दुसरी मूठ आल्यावर तिनं मला थांबवायला सांगितलं आणि विचारलं, "ही कुणाची?" मी सांगितलं, अण्णाची. ती मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "हा तुझाच हात हाय. त्याचा हात असा न्हाई. त्याचा पंजा रुंद हाय, त्याच्या अप्पासारखा."

दिल्लीच्या परीक्षकांना जे सांगता आलं नाही ते तिनं सांगितलं. तिचं बरोबर आहे. मी दोन्ही मुठी माझ्याच हाताकडे बघून काढल्या. रात्री मी परात घेऊन बसले आणि तुझा हात काढायला लागले. काढला, पुसला, परत काढला. अप्पांचा आठवतो, तुझा आठवत नाही. अडीच वर्षं झाली की रे.

तर माझं शेवटचं म्हणणं. शॉट मी काढणार नाही, तुमचा महोत्सव गेला उडत. पण तो मी नव्यानं करायला तयार आहे. राख चाळून ठेवली आहे. अव्वा म्हणते, मी मेल्यावर यायचं म्हणून थांबला असेल तर त्याला सांग, मला एवढ्यात सवड न्हाई.

बक्षीस तिकडेच राहू दे. हात घेऊन ये.

दानू